पांढऱ्या पट्टीचे उंदीर

ब्राझीलमधल्या आमच्या फोर्तालेझा शहरात कॅन्सर कधीचाच बरा झालाय. एकदा नव्हे, चांगला सात-आठ वेळा. खोटं वाटत असेल तर विद्यापीठाच्या मागच्या अंगाला, काजूच्या झाडांआड एक बैठी इमारत आहे, तिथे जाऊन नाझिल्दाबाईंना विचारा. झालाय तो उंदरांचा, एवढंच. माणसांचं अजून बघतायत.

नाझिल्दाबाई त्या उंदीरखान्यातल्या सगळ्यांत जुन्या. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, बाटल्यांत पाणी भरायचं, खाणं घालायचं आणि प्राध्यापक मंडळी आली की भिंतीला टेकून उभं राहायचं, हे त्यांचं काम. बाईंचा नवरा फार पूर्वी गेला. देवाघरी नव्हे, रेसिफेला, केस कापणाऱ्या एका बाईबरोबर. तेव्हापासून मी शेपटीवाल्यांनाच जेवू घालते, ते निदान पिंजऱ्यात तरी राहतात, असं त्या आपण होऊनच सांगायच्या. दुसऱ्याने सांगितलं तर मात्र महिनाभर अबोला.

उन्हं उतरली की आमच्याकडे सगळी गल्ली खुर्च्या घेऊन फुटपाथवर येऊन बसते. बाईंची खुर्ची त्यांच्या दारातल्या सदाफुलीच्या झुडपांशेजारी. त्या झुडपांना कुणी पाणी घालत नसे, शेजारचं मांजर तेवढं काय ते घाली, तरी ती बारा महिने फुललेली. तिथे बसून बाई कॉफीचे घोट घेत आणि गल्लीला कॅन्सरची बातमी देत. आमच्या औषधाने काल पाच गाठी विरल्या. आमच्या औषधापुढे अमेरिकेचं औषध म्हणजे साखरेचं पाणी. हे ‘आमचं’ औषध म्हणजे डॉक्टर अर्जेमिरोंचं. त्यांनी आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं एका मुळीत घातली होती. आमच्या रानात एक रानपिंपळी होते, तिच्या मुळात कडू जहर असतं. झाडाला पाय नसतात, पळता येत नाही, म्हणून कीड-मुंगीला मारायला झाड हे जहर अंगात साठवतं. शिकलेले लोक त्याला अल्कलॉइड म्हणतात. ते जहर गाठीलाही मारतं का, हे डॉक्टरांना बघायचं होतं. मुळीचा पत्ता त्यांना दिला होता बाजारातल्या जुवेनाल वैदूने, आणि त्या बदल्यात डॉक्टरांनी एका लेखाच्या तळाशी त्याचे बारीक अक्षरांत आभार मानले होते. जुवेनालने तो कागद दुकानात लावलाय. त्याला वाचता येत नाही, पण गिऱ्हाइकाला येतं.

रीत अशी होती. उंदराच्या काखेत गाठ रुजवायची. मग काही पिंजऱ्यांना हिरवी पट्टी लावायची, काहींना पांढरी. हिरव्या पट्टीवाल्यांना मुळीच्या अर्काची सुई. पांढऱ्या पट्टीवाल्यांनाही सुईच, पण आत नुसतं मिठाचं पाणी. शेवटी दोन्हींकडच्या गाठी काढून तोलायच्या. हिरव्यांची गाठ लहान निघाली की औषध लागू पडलं.

सगळं बाईंना पटायचं, फक्त ते मिठाचं पाणी पटायचं नाही. काही द्यायचं नाही तर देऊ नका, ते एक वेळ समजतं. पण सुई टोचायची, त्या जिवाला वाटायला लावायचं की तुझ्यासाठी काहीतरी चाललंय आणि आत पाणी भरायचं, ही शुद्ध फसवणूक झाली, असं त्यांचं म्हणणं. बाई मूळच्या आतल्या कोरड्या मुलखातल्या. तिकडे दुष्काळातही एक नियम पाळतात. कुणी खात असताना जो समोर उभा असेल त्याला घासभर दिल्याशिवाय आपण गिळायचं नाही, नाहीतर अन्न अंगी लागत नाही. पांढऱ्या पट्टीचे उंदीर समोरच्या फळीवरून सगळं बघत असायचे आणि बाईंना खाली बघून भुसा बदलावा लागायचा.

आता बहिणीचं सांगतो. इरासी, बाईंपेक्षा धाकटी, आतल्या मुलखातल्या किशादा गावी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. तिच्या मानेला गाठी आल्या. एक, मग दुसरी, मग काखेत. तिथल्या दवाखान्याने तपासून सांगितलं की हा रसग्रंथींचा कॅन्सर आहे, वेळेवर आलात तर बरा होणाऱ्यांतला आहे, फोर्तालेझाला जाऊन सलाईनमधून औषध घ्यावं लागेल, उशीर करू नका. इरासी नाही म्हणाली. तिच्या शेजारणीने असलं सलाईन घेतलं होतं, तिचे केस गेले, भुवया गेल्या आणि पाठोपाठ ती गेली. शिवाय इरासीपाशी आणखी भक्कम कारण होतं.

“तुमचं औषध येतंयच की अक्का,” ती फोनवर म्हणाली. “मी थांबते.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बाईंनी घसा फोडून सांगितलं की अगं, माणसांना मिळायला दहा वर्षं लागतील, कदाचित मिळणारही नाही. इरासी ऐकते कशाला? तिने सगळं ऐकलं होतं ते नाताळात, कोंबडीच्या रश्श्यावर, खुद्द अक्काच्या तोंडून, टेबलावर हात आपटून सांगितलेलं.

“तूच म्हणालीस ना, महिन्यात गाठ विरते?”

“उंदराची गं बाई!”

“उंदराची विरते आणि माझी नाही? मी काय उंदरापेक्षा वाईट वागले?”

  औषध येईपर्यंत नुसतं बसून कसं राहायचं, म्हणून इरासीने जुवेनालचा काढा सुरू केला. आमच्याकडे दर घरात एखादी तरी अशी बाटली असते, वाइनमध्ये नाना मुळ्या आणि साली मुरवलेली, सांधेदुखीपासून सवतीपर्यंत सगळ्यांवर चालणारी. बाईंनी बाजारातून बाटली घ्यायची आणि किशादाच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यायची, असं ठरलं. बाटल्या जात राहिल्या आणि गाठी वाढत राहिल्या. मानेवर रुमाल बांधून इरासी मुलांना खिचडी वाढत होती आणि दर रविवारी फोन करून विचारत होती, आलं का औषध?

त्याच दिवसांत उंदीरखान्यात मोठा प्रयोग लागला. हा साधला तर पुढे माणसांपर्यंत जायला वाट मोकळी होणार होती. डॉक्टरांच्या हाताखाली डॉक्टरेट करणारी क्लेसिया म्हणून मुलगी होती, तिची सगळी पदवी यावर टांगलेली. बाईंना ती मावशी म्हणायची आणि त्यांच्या डब्यातला मक्याचा उपमा हक्काने खायची. सुया तीच टोचायची. एका सोमवारी बाई कामाला आल्या त्या पिशवीत काढ्याची बाटली घेऊन, बस दुपारची होती म्हणून. पांढऱ्या पट्टीच्या बाटल्या भरताना त्यांचा हात थांबला. काखेत गाठ घेऊन एक उंदीर मागच्या पायांवर उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. आता उंदीर तसे रोजच बघतात. पण त्या दिवशी बाईंना तो मानेवर रुमाल बांधल्यासारखा दिसला.

त्यांनी बहिणीच्या काढ्यातला थोडा काढून चहाच्या शेगडीवर उकळला, वाइन उडून जावी म्हणून. देवाच्या लेकरांना दारू पाजायची नाही एवढं भान होतं. मग तो पांढऱ्या पट्टीवाल्यांच्या पाण्यात घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पुढच्या वेळी जुवेनालकडून दोन बाटल्या आल्या, एक किशादाची आणि एक पांढऱ्या पट्टीची. बाईंच्या मनाला किती बरं वाटत होतं म्हणून सांगू. आता त्या मान वर करून भुसा बदलत.

तोलायचा दिवस आला. क्लेसियाने गाठी काढल्या, एकेक काट्यावर ठेवली आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर आले. त्यांनी स्वतः पुन्हा तोललं. मग काटा बरोबर आहे का ते तपासलं, मग दुसरा काटा मागवला. काट्यात खोट नव्हती. हिरव्या पट्टीच्या गाठी लहान होत्या, पण पांढऱ्या पट्टीच्याही जवळपास तेवढ्याच होत्या. मिठाच्या पाण्याने जेवढं साधतं तेवढंच जर औषधाने साधत असेल, तर त्या औषधाला औषध कशाला म्हणायचं?

“यात दम नाही,” डॉक्टर म्हणाले आणि हातमोजे काढून खिडकीशी जाऊन उभे राहिले. क्लेसिया टेबलावर डोकं टेकून रडली. भिंतीला टेकलेल्या बाईंना आधी, खरं सांगायचं तर, आनंदच झाला. पोरं जरा तरी तगली होती! मग त्यांनी डॉक्टरांची पाठ बघितली आणि काय झालंय ते त्यांच्या डोक्यात शिरलं. तोंड उघडणार तेवढ्यात आठवलं की उद्या रविवार.

इरासीचा फोन आला. आलं का औषध?

“फेल गेलं,” बाई म्हणाल्या. “कामाचं नाही म्हणे. डॉक्टरांनीच सांगितलं.”

 पलीकडे कोंबडे आरवत होते.

“मग आता मी काय करू अक्का?”

“मंगळवारची बस धर. माझ्याकडे राहा आणि सलाईन घे.”

आणि काय आश्चर्य, इरासी आली. जे काम दवाखान्याच्या चिठ्ठीने झालं नव्हतं, अक्काच्या घसा फोडण्याने झालं नव्हतं, ते औषध फेल गेल्याने झालं. आता बाईंची काय अवस्था झाली बघा. खरं बोलावं तर डॉक्टरांचं औषध पुन्हा जिवंत होतं आणि ते जिवंत झालं की इरासी पहिल्या बसने किशादाला परत जाऊन वाट बघत बसते. गप्प राहावं तर बहीण वाचते, पण डॉक्टरांची सगळी मेहनत पाण्यात जाते. तीही काढ्याच्या पाण्यात. बाई गप्प राहिल्या. गल्लीला वाटलं, बहिणीच्या काळजीने वाचा गेली. संध्याकाळी खुर्ची बाहेर यायची, कॉफी यायची, बातमी काही यायची नाही.

उंदीरखान्यात तर सुतकच पडलं होतं. डॉक्टर एकेक कपाट रिकामं करत होते. क्लेसिया दुसरा विषय शोधत होती, मिळत नव्हता आणि जाता-येता बाईंना सांगायची, “मावशी, माझंच कुठेतरी चुकलं असणार. हाताला गुण नाही माझ्या.” उपमा तिने सोडला होता. बाई तोंडावर मास्क लावून पिंजरे घासत. उंदीरखान्यात मास्क लावायचा नियम कितीतरी वर्षं होता, बाईंनी तो पाळला त्या महिन्यात.

इस्पितळात इरासीला एकामागून एक सलाईनं चढू लागली. केस गेले, भुवयाही गेल्या. पण मानेवरची गाठ हाताला लागेना. दुसऱ्या खेपेला मात्र ती मूळपदावर आली आणि नळीतून काय काय घालता ते सांगा, म्हणून नर्सच्या मागे लागली. नर्स पोक्त होती. ती म्हणाली, चार औषधं आहेत, त्यातलं हे एक तर सदाफुलीचं आहे.

“कुठली सदाफुली? अक्काच्या दारातली? मांजर जिच्यात मुततं ती?”

“तीच जात.”

“मग मला कशाला इथे झोपवलंय? घरी बसून फुलं उकळून प्यायले असते की!”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असंच तिला वाटलं असणार. नर्सने तिला चांगलंच झापलं. ते जहर आहे, म्हणाली, ढीगभर पाल्यातून चिमूटभर निघतं, किती घेतलं तर गाठ मरते आणि किती घेतलं तर माणूस मरतो हे ठरवायला लोकांची हयात गेली, घरी उकळलंत तर इथे आणायलाही कुणी उरणार नाही. बाई पायथ्याशी बसल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, “हे पण आधी उंदरांनाच दिलं असेल ना हो?”

“दिलंच असणार की. सगळंच आधी त्यांना.”

“आणि काही उंदरांना नुसतं पाणी?”

“त्याशिवाय कळणार कसं?” नर्स म्हणाली आणि थेंब मोजायला वळली.

बाई त्या नळीकडे बघत बसल्या. त्यांची बहीण जे घेत होती ते औषध होतं, हे कुणाला तरी ठाऊक होतं. ठाऊक होतं कारण कुठेतरी, त्यांच्यासारख्याच कुणा बाईने पांढऱ्या पट्टीच्या बाटलीत पाणी भरलं होतं आणि नुसतं पाणीच भरलं होतं. त्या बाईला दया आली असती तर आज ही नळी रिकामी असती. हे कळल्यावर नाझिल्दाबाईंना त्या पलंगाच्या पायथ्याशी इतकी लाज वाटली की त्या उठून व्हरांड्यात गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या.

घरी येऊन त्यांनी आधी सदाफुलीची दोन्ही झुडपं मुळासकट उपटली. इरासीचा काही भरवसा नव्हता. आणि सकाळी त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. बहिणीला आता गाठ सापडत नव्हती, उंदरांच्या औषधाची तिला पर्वा उरली नव्हती, तेव्हा गप्प राहायचं कारणही संपलं होतं. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, उकळून वाइन उडवली होती हे सुद्धा.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “त्या काढ्यात काय काय असतं?”

बाईंना ते माहीत नव्हतं, त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. डॉक्टर तसेच उठून बाजारात गेले. जुवेनालने भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. त्यातलीच की मुळी, म्हणाला, रानपिंपळी, सगळ्यांत जास्त तीच घालतो, तुमच्याच लेखात लिहिलंय चांगली म्हणून, तेव्हापासून खप दुप्पट झालाय. म्हणजे हिरव्या पट्टीला सुईतून आणि पांढऱ्या पट्टीला पाण्यातून, एकच जहर दोन्हीकडे गेलं होतं. मग ते इरासीला का लागू पडलं नाही, असं बाईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, उंदीर असतो लिंबाएवढा. तो दिवसभर जेवढं प्यायला त्या हिशेबाने तुमच्या बहिणीला बादलीभर काढा रोज प्यावा लागला असता, आणि मग कॅन्सरला काही करायला शिल्लक राहिलं नसतं.

क्लेसियाने हे ऐकलं आणि कितीतरी दिवस ती बाईंशी बोलली नाही. तिचं चूक नव्हतं. वरच्या कचेरीत बाईंना काढून टाकायचं घाटत होतं, तेही चूक नव्हतं. डॉक्टरांनीच ते मोडून काढलं, का कोण जाणे. मग त्यांनी नवे उंदीर मागवले, नव्या पट्ट्या लावल्या आणि बाईंना बोलावलं.

“पांढऱ्या पट्टीचे पिंजरे तुमच्याकडेच.”

“माझ्याकडे नको, डॉक्टर. मी हिरवे बघते.”

“तुमच्याकडेच,” डॉक्टर म्हणाले. “त्यांना काही द्यायचं नसतं म्हणजे काय, ते इथे तुमच्याइतकं कुणाला कळलेलं नाही.”

ती शिक्षा होती की विश्वास, हे बाईंना आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्यांनी पाणी भरलं. रोज भरलं, नुसतं पाणी. गाठी वाढताना बघितल्या, काखेतल्या गाठीने पुढचा पाय टेकेनासा झाला तेही बघितलं. भुसा मात्र दुप्पट मऊ घातला आणि तेवढ्यावर मन मारलं. शेवटी तोललं तेव्हा फरक डोळ्यांनीही दिसत होता, काटा नसता तरी चाललं असतं. क्लेसियाने मावशींच्या गळ्यात पडून डबा मागितला. लेख छापून आला. औषध आश्वासक आहे, पुढील अभ्यासाची गरज आहे, असं त्यात म्हटलंय. आश्वासक म्हणजे काय विचाराल, तर लग्न न जमणाऱ्या पोरीला आत्या जे म्हणते ते. गल्लीने बाईंना विचारलं, आलं का मग औषध? “उंदरांना लागू पडलं,” एवढं बोलून त्यांनी कॉफीचा घोट घेतला.

इरासीचे केस परत आले, कुरळे आले, तिला त्याचाही गर्व. तिने कनिंदे गावच्या संत फ्रान्सिस्कोला नवस केला होता. आमच्याकडे रीत अशी की शरीराचा जो भाग बरा झाला त्याची लाकडी प्रतिकृती नेऊन तिथे वाहायची. ऑक्टोबरच्या जत्रेला दोघी गेल्या. देवळाशेजारच्या त्या दालनात लाकडी पाय, हात, छात्या आणि डोकी छतापर्यंत रचलेली असतात. इरासीने बाहेरच्या सुताराकडून मानेसकट एक डोकं घेतलं. बाईंनी उंदीर मागितला. सुतार म्हणाला, गाय आहे, बोकड आहे, उंदीर कुणी बरा करून घेतो का? पण पैसे देणारं गिऱ्हाईक होतं, त्याने कोरून दिला. बाईंनी खांद्यावरच्या पिशवीतून पांढऱ्या कापडाची चिंधी काढून त्याच्या पोटाला बांधली.

दालनात मठातली एक म्हातारी सिस्टर वस्तू घेऊन जागेवर लावत होती. तिने डोकं घेतलं, मग उंदीर हातात घेऊन उलटसुलट बघितला. “हा कशातून वाचला, बाई?”

“हा नाही वाचला.”

“मग इथे कसा ठेवू? इथे बरे झालेल्यांचं ठेवतात.”

“ह्याला आम्ही काही दिलंच नव्हतं, सिस्टर,” नाझिल्दाबाई म्हणाल्या. “पाणी मीच भरत होते. माझ्या बहिणीच्या डोक्याशेजारी ठेवा त्याला.”

इरासी काहीतरी थट्टा करणार होती, पण अक्काचं तोंड बघून तिने नुसता तिचा हात धरला. सिस्टरने डोकं जरा सरकवलं आणि उंदराला जागा केली.